गावानं हो म्हटल्याशिवाय

सरांना कोणी पत्ता विचारला की ते आधी विचारत, "कुठून?"

समोरचा माणूस गोंधळून जाई. गडचिरोलीच्या चौकात उभा राहून तो दवाखाना विचारतो आहे, म्हणजे चौकातूनच जाणार, हे कोणालाही कळेल. सरांना तेवढं पुरत नसे. "पायी जाता का गाडीनं? गाडी कोणीकडं तोंड करून उभी आहे?" अशी उलटतपासणी सुरू होई. माणूस वैतागून पानठेल्यावाल्याला विचारायला जाई आणि सर माझ्याकडे वळून समाधानाने म्हणत, "पाह्यलं? नुसता रस्ता नसतेच, पोरी. रस्ता कुठून तरी असते." दवाखाना त्या माणसाला सापडला की नाही, याची चौकशी मी कधी केली नाही.

पोरी म्हणत, पण मी त्यांच्या नात्यातली नव्हे. चंद्रपूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये त्यांनी मला शिकवलं आणि पुढे गडचिरोलीच्या एका ऑफिसात आपल्या हाताखाली कामाला घेतलं, एवढंच. ऑफिस जंगलातल्या ग्रामसभांच्या महासंघाचं होतं. आपल्या हद्दीतला तेंदूपत्ता, म्हणजे विड्या वळायचं पान, गावांनी स्वतः विकायचा, ठेकेदारांनी त्यावर बोली लावायची, आणि गावं एकत्र राहिली तर भाव कोणाला पाडता येत नाही, असं ते काम. सर त्या महासंघाची वेबसाइट सांभाळत. घरी म्हातारी आई अंथरुणावर असली की माणूस बाहेर गेला तरी अर्धं चित्त घरी ठेवून जातो, तसं त्यांचं त्या साइटच्या बाबतीत होतं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी मध्येच फोन काढून ती चालू आहे ना, हे बघून घेत.

ऑफिसात कूलर एकच. खरा सर्व्हर कुठल्याशा मोठ्या शहरात भाड्याने घेतलेला होता, पण प्रयोग करून बघायला एक जुना कॉम्प्युटर आमच्या खोलीच्या कोपऱ्यात होता आणि कूलरचं तोंड कायम त्याच्याकडे असे. मे महिन्यात आम्ही घामाने निथळायचो आणि तो डबा गार वारा खात बसायचा. महासंघाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणत, आत आले की आधी कूलर माणसांकडे फिरवत. ते बाहेर पडले की सर उठून तो पुन्हा कोपऱ्याकडे वळवत. "माणूस उठून झाडाखाली जाऊ शकते. त्याले पाय आहेत का?"

मला पहिलं काम मिळालं ते महासंघातल्या सगळ्या गावांची यादी साइटवर टाकायचं. प्रत्येक गावाच्या नावावर बोट ठेवलं की त्या गावाचं पान उघडलं पाहिजे. मी सकाळपासून मान मोडून एकेका गावाची लिंक हाताने लिहीत बसले. एकही चूक नाही. संध्याकाळी अभिमानाने सरांना दाखवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि सगळी पुसून टाकली.

"काऊन पुसलं, सर?" मला रडूच यायचं बाकी होतं.

"तू हे आज लिहलं. उद्या एखादं गाव म्हणन, आमाले नाई रायचं तुमच्यात. मंग? तुही लिंक तं तशीच लटकून राह्यन. जाणारा जाईन अन् तोंडावर पडन."

"मग उद्या ती पुसू ना."

"अन् तू उद्या नाई आली तं?"

मग त्यांनी मला त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली. सर मूळचे मार्कंड्याच्या बाजूचे, घर ढिवरांचं, बाप वैनगंगेवर नाव चालवायचा. "पूल बांधला का तो दिवसरात्र पडून रायते. पलीकडं गाव असो का नसो. माह्या बापाची नाव तशी नव्हती. पलीकडून कोणी हाक मारली, का तवाच सुटे. कोण आहे, किती जण आहेत, पाणी कसं आहे, हे पाहून सुटे." लिंक तशी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आधीपासून लिहून ठेवलेली नको. कोणी पान मागितलं की सर्व्हरवरच्या कोडने त्या क्षणी डेटाबेसला विचारायचं, आज कोणकोणती गावं आहेत? जी असतील त्यांच्याच लिंका तिथल्या तिथे तयार करायच्या आणि पाठवायच्या. बघणाऱ्याला वाटतं पान तयारच होतं. तयार काहीच नसतं. पुढे मी हे सगळं रीतसर शिकले, पण आजही कोड लिहिताना डोळ्यांपुढे वैनगंगेवरची ती नावच येते.

जिच्यामागे काही नाही अशी कोणतीही खूण त्यांना सहन होत नसे. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत रिकामी पोती आणि सुतळी असायची. धानोऱ्याच्या रस्त्यावर एका फाट्याला आरोग्य उपकेंद्राचा बोर्ड होता, मोठा बाण काढलेला. बाणाच्या दिशेने गेलं तर पळसाची झाडं होती आणि उपकेंद्र कधी बांधलंच गेलं नव्हतं. सर त्या रस्त्याने गेले की थांबून बोर्डावर पोतं बांधत. एकदा वनरक्षकाने पकडलं. मी मागे बसलेली, लाजेने मेले.

"काय करून राह्यले इथं?"

"तिकडं काही नाई, म्हणून झाकून राह्यलो."

"सरकारी बोर्ड आहे तो."

"बोर्ड सरकारी आहे. पण उपकेंद्र कुठी आहे?"

वनरक्षक बाणाकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. शेवटी म्हणाला, "गाठ पक्की मारा. वाऱ्यानं उडते." आणि सायकलवर बसून गेला.

पण हाच स्वभाव घरच्यांच्या कसा मुळावर येई, ते त्यांच्या बायकोला विचारावं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सरांनी पत्रिकेत नावं छापण्याआधी एकूण एक नातेवाइकाला फोन करून विचारलं, येणार का? जो हो म्हणाला त्याचं नाव पत्रिकेत. जो "पाहू" म्हणाला त्याचं नाही. मुलीचा सख्खा मामा जिवतीला राहायचा, डोंगरावर, त्याला फोन लागलाच नाही. पत्रिका मामाशिवाय छापून आली. मामाने तोवर भाचीसाठी शालू घेऊन ठेवला होता, गाडी ठरवली होती. पत्रिका हातात पडल्यावर त्याने एवढंच विचारलं म्हणे, "मामाले इचारा लागते का?" लग्नाला आला, शालू दिला, पण सरांशी मंडपात बोलला नाही. सरांची बायको त्यानंतर महिनाभर बोलली नाही. सर मला म्हणाले, "माह्यं काय चुकलं ते कोणी सांगतच नाई." त्यांना खरोखर कळलेलं नव्हतं.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण तेव्हा आम्ही हसायचो. भाऊ तर सरांच्या नकला करायचे. आता त्यांच्याही तोंडून ती नक्कल निघत नाही.

एटापल्लीच्या पुढे, बस जिथून वळून परत येते, तिथून पायवाटेने आत गेलं की माडिया आदिवासींचं एक गाव आहे. सरांचा त्या गावावर जीव होता. साइटवर गावाचं पान करायचं तर दुसऱ्या कोणी दोन फोटो मागवून घेतले असते. सर तिथे जाऊन राहिले, गायत्याबरोबर शिवेने चालून आले, तळ्याला काय म्हणतात, टेकडीला काय म्हणतात ते विचारून घेतलं. गायता म्हणजे गावाचं देवाधर्माचं आणि बसण्याउठण्याचं पाहणारा वडीलधारा. तो मराठी मोजकं बोले. मध्ये सोमी असे. सोमी त्या गावची सून, आश्रमशाळेत शिकलेली, हसरी आणि तोंडाळ. गावाचा फोन तिच्याकडे. गावात नेटवर्क नव्हतं, मागच्या टेकडीवर चढलं की मिळायचं.

वेबसाइट नव्हती त्या काळात महासंघ मागच्या वर्षीची यादी तशीच पुढे छापायचा. एका वर्षी या गावाचं नाव असंच छापलं गेलं, बोली लागली, आणि ठेकेदाराची माणसं गावाच्या शिवेवर येऊन धडकली ती पंडुमच्या आधी. आंब्याचा पंडुम म्हणजे नव्या आंब्याचा सण. पहिला आंबा देवाला दिल्याशिवाय गावात कोणी आंबा तोंडाला लावत नाही आणि उन्हाळ्यातलं जंगलाचं काम सुरू करत नाही. त्याची तारीख कॅलेंडरात नसते, गायता ठरवतो. त्या वर्षी त्याने ठेकेदाराच्या माणसांना शिवेवरूनच परत लावलं. भांडण झालं, पोलिसांपर्यंत गेलं. मग गायता स्वतः गडचिरोलीच्या बैठकीला आला, सगळ्यांसमोर माडियात बोलला आणि सोमीने ते मराठीत सांगितलं, "आमचं नाव आमच्या तोंडून येऊ द्या."

सर उठून उभे राहिले आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखा विचार करणारा माणूस भेटला होता.

ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला साइटवरून सगळ्या गावांची नावं पुसली जायची. प्रत्येक गावाने बैठक घ्यायची आणि आपल्या फोनवरून ठरलेल्या नंबरला मेसेज पाठवायचा, आधी गावाचं नाव, मग हो किंवा नाही. हो आलं की त्या गावाची लिंक आपोआप तयार व्हायची. ठेकेदार ती उघडून बोली भरायचे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळं कुलूपबंद व्हायचं. मेसेज नाही, तर लिंक नाही. भाऊंना हे कटकटीचं वाटलं, पण गावांना फार आवडलं.

तेंदूचं पान विकलं जाणं म्हणजे त्या गावाला काय होतं, ते सांगायला हवं. पानाचा पैसा चांगला आला तर माणसं पावसाळ्यात घरी राहत, आपल्या धानाला. नाही आला तर घरंच्या घरं नदी ओलांडून तेलंगणात मजुरीला जात, पोरं शाळेतून काढून बरोबर नेत. एका वर्षी पान बरं निघालं नव्हतं आणि निम्मं गाव गेलं होतं. सोमीही गेली होती. तिची मुलगी पहिलीत होती, तिचं ते वर्ष बुडालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सर गावात गेले तेव्हा सोमीला म्हणाले, "यंदा कोणाले जा लागणार नाई. पान भल्लं चांगलं आलं आहे."

"लिहून देता का, सर?" सोमी हसली.

"लिहून कायले? पाह्यजो."

सर असं बोलत नसत. उद्या येतो असंही ते कधी म्हणत नसत, "असलो तं दिसीन" म्हणत. त्या दिवशी त्यांनी वचन दिलं आणि मला ऐकून बरं वाटलं.

त्या वर्षी एकेक करत गावांचे मेसेज आले. हे गाव शेवटीच येणार हे आम्हाला ठाऊक होतं. बोली बंद व्हायच्या थोडे दिवस आधी बसच्या ड्रायव्हरने पळसाच्या पानांत बांधलेलं गाठोडं ऑफिसात आणून दिलं. आत आंबे. हिरवे, लहान, दात आंबतील असे.

"पंडुम झाला!" सर लहान मुलासारखे खूश झाले. ऑफिसातल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने आंबा दिला, भाऊंना नेऊन दिला, चहावाल्यालाही दिला. "पाह्यलं ना, आपल्याले पाठवला त्याइनं. पह्यला आंबा आहे हा." मग खुर्चीत बसून म्हणाले, "आता बसतीन, ठरवतीन. येते मेसेज."

मेसेज आला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळपासून फोन लावत होतो, तो नेटवर्कच्या बाहेर. एटापल्लीहून कोणाला धाडावं तर पोचून टेकडी चढेपर्यंत वेळ टळणार. दुपारी भाऊ येऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी कूलरला हात लावला नाही.

"सर, टाका ना हातानं. दरवर्षी असतेच ते गाव."

"दरवर्षी असते म्हणूनच भांडण झालं होतं, भाऊ."

"पण पंडुम झाला म्हणता ना तुमी?"

"पंडुम झाला. पान विकाचं ठरलं का? ते म्हणतीन तवा. म्या हो म्हटलं तं ते माह्यं हो झालं, गावाचं नाई."

"अन् त्याइचं पान राह्यलं तं?"

सर पुन्हा फोन लावायला लागले. भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मला तेव्हा सर बरोबर वाटले. आजही वाटतात, आणि मला राग येतो तो त्याचाच. चुकीच्या माणसावर रागावता येतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं?

संध्याकाळी साइट ठरल्याप्रमाणे आपली आपण बंद झाली. सर म्हणाले, "नसन द्याचं त्याइले यंदा. त्याइची मर्जी." पण दुसऱ्या दिवशी पहिल्या बसला ते होते, आणि मीही होते.

गावात शिरलो तर फळी, म्हणजे पानं वाळवायची मोकळी जागा, झाडून लख्ख केलेली. दगडगोटे वेचून एका कडेला लावलेले. झाडाखाली बायका सालीचे दोर काढत बसल्या होत्या, पानांचे पुडे बांधायला लागतात ते. दोरांचा चांगला मोठा ढीग पडला होता. सरांनाही दिसलं होतं, ते चालायचे थांबले.

सोमी हात पुसत पुढे आली. "जोहार, सर. ठेकेदाराले संग नाई आणलं?"

"सोमी, मेसेज काऊन नाई टाकला?"

"कायचा मेसेज?"

"गावाचा. हो म्हणून."

सोमीने वळून गायत्याला माडियात सांगितलं. गायता आधी हसला. सर थट्टा करताहेत असं त्याला वाटलं असावं. मग त्याने सरांचा चेहरा पाहिला आणि काहीतरी विचारलं. सोमी म्हणाली, "गायता इचारते, आंबे भेटले नाई का?"

"भेटले."

"मंग?"

त्या पट्ट्यात ज्या गावांशी सोयरीक असते, त्यांना पंडुम झाला की पहिले आंबे जातात. आंबे आले म्हणजे आमचा सण झाला, आमचं ठरलं, आमचं गाव मोकळं आहे, तुम्ही या. एवढं सगळं त्या आंब्यांत असतं आणि ते कोणी कोणाला समजावून सांगत नाही. गावाची बैठक पंडुमच्याच दिवशी झाली होती. पान महासंघातूनच द्यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

"म्या म्हटलं होतं," सोमी खाली बघत म्हणाली, "टेकडीवर जाऊन मेसेज बी टाकून येतो. तं गायता म्हणे, काऊन? सर का परके हायेत? परक्याले मेसेज टाकतेत. सोयऱ्याले आंबे धाडतेत."

सर त्या झाडलेल्या जागेत खाली बसले. बायकांचे हात थांबले. कोणी रागावलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. एका म्हातारीने लोटीभर पाणी आणून सरांसमोर ठेवलं. ते त्यांनी प्यायलं नाही.

पुढचे दिवस सर ठेकेदारांच्या दारोदार फिरले. चंद्रपूर झालं, ब्रह्मपुरी झालं, पार गोंदियापर्यंत जाऊन आले. त्यांच्या गाड्या, माणसं, गोदामं, सगळं ठरून गेलं होतं. एक जण चांगला माणूस होता, त्याने बसवून घेतलं, चहा दिला. म्हणाला, "तुमच्या गावाचं पान मले पायजे होतं, सर. म्या साइटवर पाह्यलं, तं नावच नव्हतं. म्हटलं, नसन द्याचं." सरांनी मान हलवली. त्यांच्या साइटवर कोणी इतका पूर्ण विश्वास ठेवला, याचं कौतुक वाटायची ती वेळ नव्हती. तेंदूचं पान थांबत नाही. वेळेत तोडलं नाही की निबर होतं आणि मग ते कोणाच्या कामाचं नसतं.

पाऊस लागण्याआधी गाव निघालं. सर अहेरीच्या स्टँडवर गेले होते, मी बरोबर होते. गाठोडी, गंज-पातेली, गुंडाळलेल्या चटया, आणि मधे पोरं. सोमीची मुलगी शाळेचा निळा फ्रॉक घालून गाठोड्यावर बसली होती.

"माह्यं चुकलं, सोमी," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

"तुमी कुठी चुकले? आमीच म्हटलं होतं ना, आमचं नाव आमच्या तोंडून येऊ द्या." तिने मुलीच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं. "तुमी तं आमच्याच गोष्टीनं चालले."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते, आणि नंतरही होते.

त्यानंतर पूर्ण पावसाळाभर ते एकच काम करत राहिले. गाव किती प्रकारांनी हो म्हणतं, ते सगळं त्यांना कोडमध्ये घालायचं होतं. आंबे आले तर हो. माणूस येऊन बसून गेला तर हो. फळी झाडून ठेवली तर हो. दोर काढले तर हो. कोणी काही बोललंच नाही, पण नेहमीसारखं चाललं आहे, तर हो. ते मला वाचून दाखवत आणि विचारत, "हे कोण कळवन सर्व्हरले?" एके दिवशी आले तर ते सगळं पुसून टाकलेलं होतं. कूलर पावसाळ्यात बंदच होता, पण त्यांनी तो उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवला होता. भाऊ म्हणाले, "सर, एक बटन करा, आपल्याले हातानं टाकता आलं पायजे." सरांनी निमूटपणे बटण करून दिलं. वाद घातला नाही. त्यांना वाद घालताना बघायची इतकी सवय होती की त्या दिवशी आम्हा दोघांनाही कसंसंच झालं. रस्त्यात कोणी पत्ता विचारला तर आता ते "मले नाई माहीत" म्हणत आणि पुढे जात.

पुढचा उन्हाळा आला. नावं पुसली गेली, साइट कोरी झाली, आम्ही मेसेजची वाट बघत बसलो. आणि पहिला मेसेज आला तो त्या गावाचा. दरवर्षी सगळ्यांत शेवटी येणारं गाव.

सर खुर्चीवरून अर्धे उठलेच. मी मोठ्याने वाचला. अगदी ठरवून दिल्याप्रमाणे लिहिलेला होता, आधी गावाचं नाव, मग पुढे, "नाही." त्याखाली सोमीने आणखी लिहिलं होतं, "पान तोडाले माणसं नाईत. गेले ते तिकडंच कामाले राह्यले, आमी बी तिकडंच आहो. गायता एकटा काय करन, यंदा पंडुम होणार नाई. नाव दाखवू नका. तुमाले मेसेज टाका लागते म्हणून टाकला."

सरांनी ठेकेदार उघडेल तशी साइट उघडली. कोडने डेटाबेसला विचारलं, उत्तर नाही असं आलं, आणि त्या गावाची लिंक तयार झाली नाही. तिची जागाही रिकामी दिसत नव्हती. पान कसं नीट जुळून आलं होतं, तिथे कधी काही होतं असं कोणाला वाटलं नसतं.

"बरोबर चालून राह्यलं," सर म्हणाले. "पाह्य. एकदम बरोबर चालून राह्यलं."

आणि ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात नाही, काही नाही, पडद्याकडे बघत रडत होता. भाऊ दारात येऊन थांबले आणि तसेच मागे गेले. मी खुर्ची ओढून सरांच्या शेजारी बसले. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं. गाव नव्हतं.